तळपायाची पत्रिका

चाळिशी ओलांडलेला मराठी माणूस खेळायला लागला की सुरुवातीला रॅकेटबद्दल बोलतो, मग गुडघ्याबद्दल आणि वर्षभरात तळपायाबद्दल. तळपायापर्यंत पोचला की तो खेळाडू झाला असं धरून चालायला हरकत नाही. रॅकेट काय, कुणीही विकत घेतं आणि गुडघे न खेळणाऱ्यांचेही दुखतात. पण ‘माझी उजवी टाच डावीपेक्षा चार अंश जास्त आत झुकते’ हे वाक्य चहाचा कप हातात धरून सहज म्हणता यायला माणूस मुरलेलाच लागतो.

पुण्यातल्या कुठल्याही बॅडमिंटन हॉलमध्ये सकाळची पहिली बॅच संपताना बाकांकडे बघा. घामेजलेल्या बुटांतून काढलेले तळ भिंतीला टेकवून वाळत ठेवलेले असतात. बुटाच्या खोक्यातून आलेले ते पातळ स्पंज नव्हेत. ते घरी माळ्यावर आहेत, ‘लागतील कधीतरी’ म्हणून ठेवलेले. हे कस्टम ऑर्थोटिक्स, म्हणजे खास त्याच माणसाच्या, त्याच पायाच्या मापाने घडवलेले इनसोल. खाली प्लॅस्टिकचं टणक कवच, टाचेला खोलगट वाटी, मधे कमानीला उचलून धरणारा उंचवटा, वर निळं नाहीतर केशरी फोम आणि उलट्या बाजूला मार्करने लिहिलेली मालकाची आद्याक्षरं. आद्याक्षरं का लिहावी लागली, ते पुढे येईलच.

सुकतळा घालायची कला आपल्याकडे जुनीच आहे. कोपऱ्यावरच्या चप्पल दुरुस्तीवाल्या मामांना ‘टाचेला टोचतंय हो’ म्हटलं की ते चप्पल हातात घेतात, झिजलेली कड अंगठ्याने चाचपतात, तुमच्याकडे न बघताच ‘बाहेरच्या अंगावर चालता तुम्ही’ असं सांगतात आणि चामड्याचा तुकडा कापून, घासून, बसवून देतात. निदान, उपचार आणि बिल मिळून दहा मिनिटं. नव्या पद्धतीत याच कामाला दोन भेटी आणि एक संगणक लागतो, आणि जे बिल होतं त्यात मामांचा बऱ्याच दिवसांचा चामड्याचा खर्च निघेल.

या नव्या पद्धतीला मी तळपायाची पत्रिका काढणं म्हणतो. सगळे विधी जुळतात. तुम्ही गेलात की एक पंचविशीतला मुलगा टॅब घेऊन समोर बसतो आणि जन्मवेळ विचारतो, म्हणजे वजन किती, उंची किती, आठवड्यात किती किलोमीटर पळता, सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला दुखतं की संध्याकाळी. मग म्हणतो, ‘सर, शूज-सॉक्स काढा.’ इथे सभ्य माणसांची पहिली परीक्षा होते. कचेरीत मोठी पदं सांभाळणारे लोक अंगठ्याशी फाटलेला मोजा मुठीत लपवून उभे राहिलेले मी पाहिले आहेत. मग दाबमापक पाटावर उभं राहायचं. पडद्यावर तुमचे दोन तळवे उमटतात, लाल, पिवळे, हिरवे, निळे. लाल म्हणजे भार जास्त. टाचेखाली लालभडक ठिपका दिसला की माणूस हबकतो. टाचेवर भार पडणार नाही तर कुठे पडणार, हा विचार त्या क्षणी सुचत नाही. लाल रंग बघून कुणाला सुचलाय?

त्यानंतर ट्रेडमिलवर पळवतात आणि मागून चित्रीकरण करतात. हा भाग जरा क्रूर आहे. माणसाने स्वतःच्या पोटऱ्या मागून कधी पाहिलेल्या नसतात. पुढून तो आरशात पोट आत घेऊन उभा राहत आलेला असतो, मागची बाजू इतकी वर्षं देवावर सोडलेली असते. तीच आता संथ गतीत, टाचेपासून वर ओढलेल्या हिरव्या रेघेसकट, भल्या मोठ्या पडद्यावर दिसते. शेवटी मऊ फोमच्या खोक्यात एकेक पाऊल दाबून ठसा घेतात, काही ठिकाणी लेझरने स्कॅन करतात, आणि मुलगा गंभीर होऊन म्हणतो, ‘सर, ओव्हरप्रोनेशन आहे.’

‘मंगळ आहे’ हे वाक्य ज्या सुरात म्हणतात त्याच सुरात. आजवर या यंत्रावरून ‘तुमचे पाय उत्तम आहेत, घरी जा’ असं ऐकून परतलेला माणूस मला भेटलेला नाही. कुणाची कमान खाली, कुणाची वर, कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा अंगठा आखूड. दोष निघतो आणि त्याची शांतही तिथेच, काउंटरपलीकडे मिळते. अहवालाची पीडीएफ रात्रीच आमच्या बॅडमिंटनच्या ग्रुपवर येते. त्यावर लोक तज्ज्ञपणे ‘माझ्यापेक्षा बराच बरा आहे’, ‘डाव्याकडे लक्ष द्या’ अशा प्रतिक्रिया देतात. हे लोक एकमेकांच्या रक्तातली साखर विचारायला संकोचतात, पण एकमेकांच्या टाचेचे अंश तोंडपाठ असतात.

या पत्रिकेने मोठी सोय केली, हे मात्र मान्य करायला हवं. पूर्वी माणूस हरला की ‘आज सूर लागला नाही’ म्हणायचा. त्यात कारण कमी आणि लाज जास्त असायची. आता आमच्या ग्रुपमधले सीए बॅकहँड नेटमध्ये मारतात आणि शांतपणे सांगतात की मागे जाताना उजवं पाऊल आत कोसळतं, त्यामुळे गुडघा फिरतो, त्यामुळे कंबर उघडत नाही, त्यामुळे खांदा उशिरा येतो. ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस हरला नाही, त्याच्यावर अन्याय झाला. बॅकहँड त्यांना येत नाही, ही शक्यता या साखळीत कुठेच बसत नाही. आमच्यातल्या एक डॉक्टरीणबाई, त्या दातांच्या, जुन्या बुटांत येऊन या सगळ्यांना नियमाने हरवतात. त्यांचे तळवे कसे आहेत हे कुणालाच ठाऊक नाही. त्यांनाही नाही.

आता यात सगळीच फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. पाऊल ही खरोखर गुंतागुंतीची चीज आहे. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे. दोन्ही मिळून ५२ हाडं, म्हणजे अंगातल्या २०६ पैकी चौथा हिस्सा घोट्याखाली. पाऊल जमिनीला टेकलं की कमान किंचित खाली बसते आणि टाच आत झुकते. हेच ते प्रोनेशन. मग पुढे रेटा द्यायच्या वेळी कमान पुन्हा वर येऊन पाऊल ताठ होतं. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर जमिनीकडून परत येतो. आमचे सीए ऐंशी किलोचे आहेत. वेताळ टेकडीवर ते पाचेक किलोमीटर पळतात तेव्हा दर पावलाला १६० ते २४० किलोंचा दणका, आणि अशी हजारो पावलं. एवढं सोसायचं तर पाऊल झुकणारच. झुकणं हा त्याचा दोष नाही, ते त्याचं काम आहे. पण हे काउंटरवर सांगितलं तर विकायचं काय?

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ९२७ नवशिक्या धावपटूंची पावलं तपासली, म्हणजे १,८५४ पाय, आणि सगळ्यांना एकाच प्रकारचे साधे, कुठलाही खास आधार नसलेले बूट देऊन वर्षभर पळू दिलं. २०१४ साली निकाल छापला. आत झुकणारी पावलं इतरांपेक्षा जास्त जायबंदी झाली नाहीत. दर हजार किलोमीटरमागे मोजलं तर ती उलट थोडी कमीच दुखावली. मी हे ग्रुपवर टाकलं. त्यावर आलेलं एकमेव उत्तर होतं, ‘ते डेन्मार्कचे पाय आहेत.’

दुसरी बाजूही सांगतो, कारण ज्यांना याची खरी गरज असते ते बहुधा याबद्दल बोलत नाहीत. वेगवान गोलंदाज चेंडू टाकताना पुढचा पाय आपटतो तेव्हा त्या एका पावलावर वजनाच्या पाच पट आणि त्याहूनही जास्त भार येतो, आणि तोही दिवसातून शंभरदा. सायकलवाल्याचं सगळं बळ पावलाच्या पुढच्या भागातून पेडलवर जातं, म्हणून त्याला टाचेच्या वाटीपेक्षा पुढचा आधार महत्त्वाचा. फुटबॉलच्या बुटात मुळातच जागा नसते, तिथे जाड इनसोल घातला तर बोटं बाहेर ठेवावी लागतील. बॅडमिंटनमध्ये लांब पाय टाकून टाचेवर उतरायचं असतं, म्हणून पळायचे बूट इथे चालत नाहीत. हे आमच्या ग्रुपमध्ये दोघांना घोटे मुरगळल्यावर पटलं. थोडक्यात, एकाच माणसाचे दोन खेळ असतील तर त्याला दोन इनसोल लागू शकतात, आणि आमच्या सीएंनी हे वाक्य घरी सांगितल्यावर घरी जे झालं ते मला त्यांनी सांगितलेलं नाही.

खरी गरज कशाला म्हणतात ते जलपैगुडीच्या स्वप्ना बर्मनकडून कळतं. तिच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटं. बाजारातला बूट पाच बोटांसाठी केलेला. सात क्रीडाप्रकारांची हेप्टॅथलॉन ती त्याच अरुंद बुटांत खेळत राहिली आणि २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आली. तेव्हा कुठे तिने आता माझ्या पायाचे बूट मिळावेत अशी मागणी केली, आणि पुढच्या वर्षी आदिदासने तिच्या मापाचे बूट करून दिले. आधी सुवर्णपदक, मग माप. आमच्याकडे आधी माप घेतात.

आणि खेळाच्या फार आधीपासून हे काम आपल्या देशात निमूटपणे चालत आलं आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी बधिर झालेल्या पायांना जखमा होऊ नयेत म्हणून कुष्ठरुग्णांसाठी मऊ रबराची पादत्राणं करवून घेतली. ते मायक्रोसेल्युलर रबर म्हणजेच मधुमेहवाल्या आजी-आजोबांच्या पायात दिसणारी एमसीआर चप्पल. मुंबईत हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत पायांचे आधार घडवणारी कार्यशाळाच आहे. तिथे रांगेत बसलेल्या माणसाला कुणी ‘तुमचं प्रोनेशन किती?’ म्हणून विचारत नाही.

इनसोलचा हा धंदा मोठा कुणी केला, तर विल्यम शोल या शिकागोच्या गृहस्थांनी. हे बुटांच्या दुकानात काम करता करता वैद्यकी शिकले आणि १९०४ मध्ये ‘फूट-ईझर’ नावाचा कमानीचा आधार बाजारात आणला. विकायची त्यांची पद्धत अशी, की दुकानात शिरायचं आणि पिशवीतून माणसाच्या पायाचा हाडांचा सापळा काढून काउंटरवर ठेवायचा. गिऱ्हाइकाने आपल्या आत हे असं काहीतरी आहे हे पाहिलं की पुढे फार बोलावं लागत नसे. आजचा रंगीत पडदा म्हणजे तोच सापळा, फक्त विजेवर चालणारा. त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, न्यूयॉर्कचे डॉक्टर रॉयल व्हिटमन सपाट पायांसाठी चक्क धातूची पट्टी बसवत. ती इतकी टोचे की पाय आपोआप वर उचलला जाई. उपचार म्हणून त्यात तथ्य होतंच.

आता आद्याक्षरांची हकिगत. आमच्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांचा आणि सीएंचा बुटाचा नंबर एकच, इनसोल एकाच ठिकाणचे आणि दोन्ही केशरी. एका पावसाळी सकाळी हॉलचे लाइट गेले, अंधारात दोघांनी बाकावरचे इनसोल उचलले आणि घरी गेले. त्यानंतर सीए रोज सांगू लागले, ‘खरं सांगतो काका, आता कुठे कमान उचलली गेल्यासारखी वाटतेय. इतके दिवस सेट व्हायला लागले बहुतेक.’ काका म्हणायचे, ‘माझा गुडघा तर बोलेनासाच झालाय.’ दोघांनी मिळून आणखी तिघांना स्कॅनला पाठवलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी खाली पडलेला एक इनसोल उचलला, त्याच्यावरचं छोटं लेबल वाचलं आणि म्हणाल्या, ‘काका, तुमच्या बुटात हे कुणाचं नाव?’

नंतरचा संवाद मी शब्दशः देतो.

‘माझी कमान उंच, तुझा पाय सपाट. मग इतके दिवस चाललं कसं?’

‘पण चाललं ना काका?’

‘चाललं असेल. पण चुकीचं चाललं.’

इनसोल पुन्हा आपापल्या मालकांकडे गेले. दुसऱ्याच दिवशी सीएंची टाच दुखायला लागली. त्यांना आजही आतून वाटतं की काकांचे बरे होते, पण मागणार कसे?

हसण्यासारखं आहे, पण हेच कॅनडातल्या कॅलगरीच्या संशोधकांना जरा शास्त्रशुद्ध रीतीने दिसलं होतं. २००१ साली त्यांनी सैनिकांपुढे सहा वेगवेगळ्या आकारांचे आणि वेगवेगळ्या साहित्याचे इनसोल ठेवले आणि ज्याला जो बरा वाटेल तो त्याने घ्यावा असं सांगितलं. प्रत्येकाची निवड निराळी निघाली. पण ज्यांनी आपल्या पायाला बरं वाटेल ते घेतलं, त्यांच्यात दुखापती आणि दुखणी साध्या बुटांतल्या सैनिकांपेक्षा कमी झाली. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात टाचदुखीच्या सव्वाशेहून जास्त रुग्णांचे तीन गट केले. एकाला नुसता मऊ फोमचा दिखाऊ तुकडा, एकाला तयार मिळणारा इनसोल, एकाला माप घेऊन केलेला. तीन महिन्यांनी शेवटच्या दोघांना थोडा फायदा दिसला आणि त्या दोघांत फरक काही सापडला नाही. वर्ष उलटल्यावर तिन्ही गट सारखेच. म्हणजे आधाराने दुखरा काळ जरा सुसह्य होतो, एवढं खरं. तो आधार खास तुमच्यासाठी घडवलेला असण्यात पायापेक्षा मनाला जास्त सुख असतं. मनाला सुख मिळू नये असं माझं म्हणणं नाही. पण मग बिलावर तसं लिहावं.

यात एक गोष्ट कुठल्याच शोधनिबंधात येत नाही, ती म्हणजे आपलं दार. हे शास्त्र ज्या देशांत वाढलं तिथे बऱ्याच ठिकाणी माणूस सकाळी बूट चढवतो तो रात्री काढतो. इनसोलला दहा-बारा तास काम करायला मिळतं. आपण दारातच सगळं काढून ठेवतो. घरात अनवाणी, देवळात अनवाणी, शेजाऱ्यांकडे अनवाणी, आणि ज्या दवाखान्यात हे इनसोल मिळतात त्याच्याही दारावर ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी. हजारो रुपयांची ती वस्तू दिवसातून दीड तास नोकरी करते आणि उरलेला वेळ चपलांच्या कपाटात काळोखात बसून असते.

यावर टाचदुखीच्या डॉक्टरांचा तोडगा असा, की घरातसुद्धा अनवाणी चालू नका, मऊ चप्पल घाला. सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं टाकताना टाचेत खिळा घुसल्यागत होणाऱ्या माणसाला हे पटतं. त्याच्या घराला पटत नाही. आमच्या काकांनी घरात चप्पल घातली, त्या दिवशी काकूंनी फक्त एवढंच विचारलं, ‘ओट्याशीसुद्धा?’ आवाज चढवला नाही, पण काकांना समजलं. मग तह झाला. घरातली चप्पल वेगळी, तिने उंबरा ओलांडायचा नाही, बाथरूमची त्याहून वेगळी आणि देवघरात कुठलीच नाही. स्वयंपाकघराबद्दल वाटाघाटी अजून चालू आहेत. तोवर काका दारात उभे राहून चहा मागतात. गणपतीत तर शास्त्राचं काहीच चालत नाही. सगळ्या आरत्या, त्यावर मंत्रपुष्पांजली, आणि शेजारच्या मुलांनी उत्साहाने सुरू केलेली आणखी एक आरती. पाऊण तास थंड फरशीवर अनवाणी उभं राहायचं आणि टाच कितीही ठणकली तरी चेहरा भक्तीचा ठेवायचा. पाहणाऱ्याला दोन्हीतला फरक कळत नाही, हे एक बरं.

देवळाची अडचण निराळीच. इनसोल बुटांपेक्षा महाग झाल्यामुळे सीएंना आता बूट बाहेर सोडवत नाहीत. बूट गेले तर जाऊ देत, पण चोराला ओव्हरप्रोनेशन नसेल तर त्या इनसोलचा उपयोग काय, असा त्यांचा प्रश्न. म्हणून ते इनसोल काढून कापडी पिशवीत घालतात आणि पिशवी घेऊन दर्शनाला जातात. एका संकष्टीला गुरुजींनी पिशवी बघून ‘उघडा’ म्हटलं आणि नारळ, केळी, फुलं सगळं आत टाकलं. प्रसाद घरी कुणी कसा खाल्ला याची चौकशी मी केली नाही.

नवा इनसोल अंगवळणी पडेपर्यंतचे हालही कुणी आधी सांगत नाही. पहिल्या दिवशी तासभर घाला, मग रोज थोडं वाढवा, असं पत्रकात लिहिलेलं असतं. आपला माणूस पैसे दिलेत म्हणून पहिल्याच दिवशी सिंहगड चढतो. वाटेत डोक्यावर दह्याचं भांडं घेऊन साध्या चपलेत झपझप वर जाणाऱ्या मावशी त्याला मागे टाकतात आणि वर पोचल्यावर त्यालाच ताक विकतात. दुसरं म्हणजे बूट. जुन्या बुटात हे जाडजूड कवच मावत नाही, म्हणून अर्धा नंबर मोठा बूट घ्यावा लागतो. तो मोठा होतो म्हणून जाड मोजे. मग आवाज. प्लॅस्टिक बुटाच्या तळाला घासून पावलागणिक ‘कुईं’ करतं आणि शांत हॉलमध्ये सर्व्हिस करायच्या क्षणीच ऐकू येतं. त्यावर उपाय घरगुती आहे, खाली थोडी टाल्कम पावडर भुरभुरायची. ती बाळाच्या डब्यातून घेतली जाते आणि बाळाच्या आईला कळतं.

ग्रुपमध्ये विरोधी पक्षही आहे. आमचा आयटीतला मॅनेजर अनवाणी पंथाचा. २००९ साली ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक आलं, मेक्सिकोच्या डोंगरात साध्या पट्ट्यांच्या चपला घालून मैलोन्‌मैल पळणाऱ्या लोकांवरचं. ते त्याने उशिरा का होईना वाचलं आणि पाच बोटं वेगळी असलेले बूट मागवले. ते घालून आला तेव्हा लहान मुलं त्याच्या पायांकडे बघून रडायची. अशा बुटांनी पाय बळकट होतात, दुखापती टळतात, या जाहिरातीबद्दल व्हिब्रम कंपनीवर अमेरिकेत खटला झाला आणि २०१४ मध्ये तिने साडेसदतीस लाख डॉलर देऊन तो मिटवला. मॅनेजर मात्र मिटला नाही. तो म्हणतो, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला मॅरेथॉन अनवाणी पळाला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत जिंकला. खरं आहे. मिळालेले बूट त्याच्या पायाला नीट बसेनात, आणि अनवाणी पळायची सवय होतीच. पण चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून पळाला आणि तीन मिनिटं पाच सेकंद आधी पोचला. हे मॅनेजर सांगत नाही. मग तो बारामतीच्या लता भगवान करे यांचं नाव घेतो. साठी ओलांडलेली बाई, २०१३ साली नऊवारीत अनवाणी पळून शर्यत जिंकली. तेही खरं. पण त्या नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून पळाल्या होत्या. तळपायाला मातीचा स्पर्श व्हावा म्हणून नव्हे. टेकडीवरचा बाभळीचा काटा मॅनेजरच्या टाचेत मोडला, त्यानंतर तो या विषयावर जरा हळू बोलतो.

साताऱ्या-सांगलीकडे पहाटे रस्त्याच्या कडेने भरतीची तयारी करणारी पोरं पळत असतात. पोलीस भरतीचे सोळाशे मीटर, मिळेल त्या बुटांत. त्यांच्यातही तळव्याची चर्चा होते, पण वेगळी. सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत पाय सपाट निघाला तर वर्षांची मेहनत बाद होऊ शकते. म्हणून ती पोरं ओला पाय फरशीवर उमटवून कमानीचा ठसा बघतात. यंत्र नाही, पीडीएफ नाही. आमच्याकडे सपाट पाय निघाला की माणूस ग्रुपवर कळवतो. तिथे तो लपवतो.

तेव्हा माझा निकाल असा. टाच महिनोन्‌महिने दुखत असेल, पायाला बधिरपणा असेल किंवा मधुमेह असेल, तर पडदेवाल्याकडे नव्हे, डॉक्टरकडे जा, आणि त्याने लिहून दिलं तर कस्टमही करा, बेलाशक करा. फक्त खेळताना जरासं दुखत असेल तर आधी एकदम वाढवलेलं पळणं कमी करा, जिन्याच्या पायरीवर उभं राहून पोटऱ्यांचे व्यायाम करा आणि दुकानात मिळणारा तयार इनसोल काही आठवडे घालून बघा. पायाला बरं वाटलं तर तो चांगला, नाही वाटलं तर कितीही अंशांचा असला तरी वाईट. स्कॅनला गेलातच तर तुम्हाला चालताना, पळताना, वाकताना बघणारा माणूस तिथे आहे का ते पाहा. नुसता पडद्याकडे बघत असेल तर मोजे घाला आणि निघा. वाचलेल्या पैशांत एखादा चांगला कोच लावा, कारण बॅकहँडसाठी इनसोल अजून कुणी काढलेला नाही.